साफ केलेलं रेकॉर्डिंग

पिंपरीत राहून जॅझ वाजवते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “म्हणजे नक्की काय वाजवता?” पूर्वी मी समजावत बसायचे. दोन माणसं, ठरवलेलं काही नाही, एकानं काही म्हणायचं, दुसऱ्यानं ते ऐकून उत्तर द्यायचं, वगैरे. आता उत्साह संपला. आता मी “कीबोर्डच्या शिकवण्या घेते” म्हणते आणि विषय मिटतो. ते खोटंही नाही. रोज संध्याकाळी वाकडच्या टॉवरांमध्ये मी या लिफ्टमधून त्या लिफ्टमध्ये फिरत असते. मुलांच्या आयांना सोसायटीच्या गणपतीत मुलानं सिनेमातलं एक गाणं न अडखळता वाजवलेलं हवं असतं. “मॅम, मध्ये मध्ये थांबतो हो तो, तेवढं काढा,” असं त्या सांगतात. मी काढते. पोट त्यावर चालतं.

माझं स्वतःचं वाजवणं शनिवारी दुपारी, रेडिओवर. रेडिओ म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एका शिक्षणसंस्थेनं कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर चालवलेलं छोटं केंद्र आहे. आठ-दहा किलोमीटरच्या पलीकडे गेलं की नुसती खरखर. तासाभराचा आमचा कार्यक्रम. मी आणि सॅक्सोफोन वाजवणारे एक भाऊ, आम्ही दोघं आधी गप्पा मारतो आणि मग तिथल्या तिथे सुचेल ते जोडीनं वाजवतो. तालीम नाही, कागद नाही, काय वाजवायचं याची आधी चर्चासुद्धा नाही. सूर कुठला धरायचा तेवढं माइकसमोरच ठरतं. मध्येच श्रोत्यांचे फोन येतात. पिंपरीतल्या एखाद्या कंपनीच्या कँटीनमधून कुणीतरी विचारतं, “ताई, आमच्या सुपरवायझरचा वाढदिवस आहे, एखादं डीजेचं गाणं लावा ना.” मी सांगते, आमच्याकडे डीजे नाही, आम्ही दोघंच आहोत. तो म्हणतो, चालेल, तुम्ही वाजवा. भाऊ वाजवतातही. गाढवापुढे वाचली गीता असं मी म्हणत नाही, कारण गाढव निदान फोन करून वाढदिवस सांगत नाही.

भाऊ मूळचे पुनावळ्याचे, गाव होतं तेव्हापासूनचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ते माल तपासायला आहेत. पहिली शिफ्ट संपली की कंपनीच्या निळ्या शर्टातच सॅक्सोफोनची पेटी मोटरसायकलच्या टाकीवर आडवी ठेवून येतात. लग्नसराईत बँडमध्ये वाजवतात. वयानं ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणते. आमच्या दोघांच्या ओळखीचं मूळ एकच, आमचे मास्तर.

मास्तर लष्कराच्या बँडमध्ये होते. तिथं क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे. निवृत्त होऊन पिंपरीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले, माझे वडीलही त्याच खात्यात होते. संत तुकाराम नगरला आमचं आणि त्यांचं घर जवळजवळ. संध्याकाळी विहाराच्या मागच्या हॉलमध्ये ते शिकवायचे. जयंतीला वाजवणारी, लग्नात वाजवणारी पोरं तिथंच तयार व्हायची. मुलगी मी एकटीच होते, आणि तीसुद्धा वडिलांनी “हिला घरी हार्मोनियम बडवण्यापेक्षा इथं बडवू दे” म्हणून आणून सोडलेली.

जॅझ मास्तरांनी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये उचललं. शनिवारी तिथं नाच असायचा. गोव्याकडचा एक ट्रंपेटवाला त्यांच्याबरोबर होता. “साहेब लोक जेवायला बसले की बँडला सुट्टी,” मास्तर सांगायचे. “आमी दोघं मात्र तसंच वाजवत बसायचो. कुणीच ऐकत नव्हतं, म्हणून एकमेकाचं ऐकू यायचं.” हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

शिकवायची त्यांची एकच पद्धत होती. दोघांना समोरासमोर बसवायचं. एकानं थोडं वाजवायचं, मग दुसऱ्यानं. पण उत्तर द्यायच्या आधी पूर्ण श्वास सोडायचा. मला म्हणायचे, “हात उचल, मांडीवर ठेव. श्वास सोड. आता ठरव, बोलायचंय का. नसंल बोलायचं तर नको बोलू.” भाऊंना म्हणायचे, “तोंडातनं काढ ते. तिनं काय म्हटलं ते तरी ऐक.” वाजवलेल्या सुरावर त्यांनी आम्हाला कधी फारसं झापलं नाही. न वाजवायच्या ठिकाणी वाजवलं म्हणून मात्र डोक्यात टपल्या बसल्या.

आणि हेच आम्हाला जमायचं नाही. भाऊंना तर मुळीच नाही. वरातीत बँड थांबला की काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला त्याचं कारण कळेल. दोन क्षण वाजवणं थांबलं तर नवरदेवाचा मामा ओरडतो, “का रे, झोपला का?” नाचणारी पोरं उलटून अंगावर येतात. त्यामुळे वरातीत वाजवणारा माणूस एक गाणं संपायच्या आत दुसऱ्यात उडी मारतो, श्वाससुद्धा चोरून घेतो. “ताई, सवय हाय,” भाऊ म्हणायचे. “थांबलो की मानेवर काटा येतो. वाटतं, आता कुणीतरी शिवी घालणार.” माझं दुखणं वेगळं होतं. मला भीती वाटायची की मी थांबले तर लोकांना वाटेल हिला पुढचं येत नाही. बाईमाणूस थांबलं की लोकांना तसंच वाटतं, हे मी अनुभवानं सांगते.

मास्तरांनी आमचं कौतुक कधी केलं नाही. बाकीच्यांना “ठीक” तरी मिळायचं. आम्हा दोघांना तेवढंही नाही, कारण आमच्याकडून त्यांना जास्त हवं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. रेडिओचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ते घरी खाटेवर होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा हात गेला होता, शब्द एक-एकच यायचे. पण दर शनिवारी त्यांची सून त्यांच्या उशाशी रेडिओ लावून द्यायची. कार्यक्रम संपला की ती मला फोन लावायची आणि त्यांच्या कानाशी धरायची. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू यायचा, मग एक शब्द. “जास्त.” बस. दर शनिवारी “जास्त.” आम्ही कितीही जपून वाजवलं तरी “जास्त.” भाऊ हसायचे. मला हसू यायचं नाही. मी पन्नाशीची बाई, दर शनिवारी एका शब्दासाठी जीव टांगून बसायचे आणि तो शब्द आला की रविवार वाया जायचा.

एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. थोड्या वेळानं ओळखलं, हसले, पण मधला तो वेळ मी कोण होते कुणास ठाऊक. त्यांची सून परभणीकडची, सरळ बोलणारी. ती म्हणाली, “ताई, आजकाल असंच करायलेत. सकाळी मलाबी विचारलं, तू कोणाची.” मी जिना उतरले आणि खालीच भाऊंना फोन केला. म्हटलं, आता फार वेळ नाही. ते आहेत, त्यांना कळतंय, तोवर एकदा तरी त्यांनी शिकवलं तसं वाजवायचं. त्यांनी ऐकायला हवं की आम्ही शिकलो. भाऊ म्हणाले, “व्हय ताई. या शनिवारी.” यापेक्षा जास्त आम्ही काही ठरवलं नाही.

त्या शनिवारी भाऊ वेळेच्या आधी आले. गप्पांमध्ये मी मास्तरांबद्दल बोलले, नाव न घेता. कसे ते अधिकाऱ्यांचं जेवण चालू असताना रिकाम्या हॉलमध्ये वाजवायचे, ते सांगितलं. भाऊंनी टपल्यांचं सांगितलं. मग मी म्हटलं, “आज जे वाजवू ते त्यांच्यासाठी. ते घरी ऐकतायत.” माझा आवाज थोडा हलला, तो मी हलू दिला.

मग वाजवायला सुरुवात केली. केंद्रातल्या कीबोर्डची एक पट्टी अडकते, ती टाळून मला वाजवावं लागतं. मी संथ सुरुवात केली. भाऊंनी उत्तर दिलं, थोडक्यात. मी पुन्हा थोडं म्हटलं. ते पुन्हा थोडं. असं काही वेळ चाललं आणि मग मी तीन सूर वाजवले, खालून वर, शेवटचा अर्धवट सोडलेला. प्रश्न विचारून थांबतो तसा. मी हात मांडीवर ठेवले.

भाऊ आता भरून काढणार, हे मला माहीत होतं. चाळीस वर्षं मी ते ऐकत आले होते. पण त्यांनी सॅक्सोफोन ओठांपासून बाजूला केला. माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश श्वास सोडला. वाजवलं नाही. मीही वाजवलं नाही. स्टुडिओत पंखा बंद ठेवतात, त्यामुळे काहीही आवाज नव्हता. ते तीन सूर अजून खोलीत आहेत असं वाटत होतं आणि त्यांना हात लावायचा आम्हा दोघांनाही धीर होत नव्हता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला भीती वाटली नाही, एवढं मात्र नक्की सांगते. आयुष्यात पहिल्यांदा वाजवता वाजवता थांबून मला भीती वाटली नाही.

मग भाऊंनी एकच सूर लावला, इतका हळू की आधी श्वासच वाटला. त्यानंतर जे आम्ही वाजवलं ते आमच्या दोघांच्या हातून पुन्हा होणार नाही. काचेपलीकडे केंद्रप्रमुख सर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. आम्हाला वाटलं, दाद देतायत. भाऊंनी तर वाजवता वाजवता मान झुकवून त्यांची दाद घेतलीही. सर आणखी जोरात हात हलवायला लागले. मला वाटलं, वा, आज यांनाही कळलं.

शेवटी काचेवरचा, प्रक्षेपण चालू असल्याचा लाल दिवा पुन्हा लागला. तो मध्येच विझला होता, आमचं लक्षच नव्हतं. मी माइकजवळ गेले आणि आनंदानं म्हटलं, “हे आमच्या मास्तरांसाठी होतं.” भाऊ म्हणाले, “मास्तर, चुकलं असंल तर सांगा.” कार्यक्रम संपला.

बाहेर आल्यावर सरांनी काय झालं ते सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. केंद्रात एक यंत्र आहे. प्रक्षेपणात काही सेकंद शांतता राहिली की त्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि ते आपणहून राखीव गाणी आणि जाहिराती सुरू करतं. ते सगळ्याच केंद्रांत असतं. पण आमच्याकडे मध्यंतरी वीज गेली होती, आणि नेमकं त्याच वेळी संस्थेचे एक विश्वस्त हायवेवर गाडीत रेडिओ लावून बसले होते. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी सरांना झाप झाप झापलं. तेव्हापासून सरांनी त्या यंत्राची वेळ अगदी कमी करून ठेवली होती. गप्पांच्या कार्यक्रमात कोण गप्प बसतंय, असं त्यांना वाटलं. त्यांचंही काय चुकलं. आम्ही इतकी वर्षं एकदाही गप्प बसलो नव्हतो.

म्हणजे लोकांनी काय ऐकलं, तर माझे तीन सूर, मग थोडी शांतता, आणि मग पुनावळ्यातल्या फ्लॅटची जाहिरात. “हायवेला लागून, स्वप्नांच्या जवळ, टू आणि थ्री बीएचके.” त्या जाहिरातीला मागे सॅक्सोफोन आहे. खरा नाही, कीबोर्डवर वाजवलेला नकली, मधात घोळवलेला. ती मी हजार वेळा ऐकलेली आहे, तुम्हीही ऐकली असेल. तिच्यामागून दुसरी जाहिरात, मग कुणाचं तरी गाणं. यंत्र एकदा सुटलं की हातानं परत आणावं लागतं, आणि सरांना ते जमेपर्यंत आमचं सगळं वाजवून झालं होतं. परत आलो ते थेट माझ्या वाक्यावर. जाहिरात, जाहिरात, गाणं, आणि मग मी हसत हसत म्हणतेय, हे आमच्या मास्तरांसाठी होतं.

भाऊ पेटीवर बसले. म्हणाले, “मास्तरांना काय वाटलं असंल?” मलाही तेच वाटत होतं. मी मोबाइलकडे बघत होते. फोन आला नाही.

मीच केला. सून म्हणाली, “ताई, बाबा बोलायलेच नाहीत. रेडिओ बंद कर म्हणून हात केला. आता भिंतीकडं तोंड करून पडलेत.” मी विचारलं, काही म्हणाले का. ती जरा अडखळली. मग म्हणाली, “विकलं म्हणाले. एवढंच. कशाला म्हणाले मला कळलं नाही.”

मला कळलं. त्यांनी सॅक्सोफोन ऐकला होता, आणि त्यावर फ्लॅट विकणारा आवाज. त्यांना वाटलं, तो भाऊंचाच. त्यांना वाटलं, आम्ही त्यांचं नाव घेऊन, त्यांच्यासाठी म्हणून, बिल्डरची जाहिरात वाजवली. आयुष्यभर “थांब, थांब” म्हणणाऱ्या माणसासाठी आम्ही पहिल्यांदा खरोखर थांबलो, आणि नेमक्या त्याच फटीतून बिल्डर आत शिरला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ओरडायचं तरी कुणावर. यंत्रावर?

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं, यंत्र, शांतता, विश्वस्त, जाहिरात. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. एखाद्या विद्यार्थ्यानं न केलेल्या गृहपाठाची कहाणी सांगावी तसं. ते भिंतीकडे तोंड करून होते. मध्येच म्हणाले, “विकलं.” मी म्हटलं, “नाही मास्तर, आम्ही थांबलो होतो. तुम्ही सांगायचात तसे.” त्यांनी डावा हात उचलून हलवला, माशी हाकलतात तसा. मला रडू आलं आणि रागही आला, कुठला जास्त ते ठरवता येत नाही. सुनेनं चहा आणला, तो मी उभ्यानंच प्यायले.

पण आशा म्हणून एक गोष्ट शिल्लक होती. स्टुडिओत जे वाजतं त्याचं रेकॉर्डिंग वेगळं होतं. यंत्र बाहेर जाणारा आवाज बदलतं, आतलं रेकॉर्डिंग बदलत नाही. म्हणजे आम्ही वाजवलेलं सगळं, आणि न वाजवलेलंही, तिथं जसंच्या तसं असणार. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, “आहे ना मॅम, पाठवतो. तुमचं फार नुकसान झालं, मला फार वाईट वाटलंय.” आणि थोड्या वेळात खरंच पाठवलं. भाऊ शिफ्टवर होते. आधी एकटीनं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण मला राहवलं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून मी ते लावलं.

माझी सुरुवात. भाऊंचं उत्तर. मी, मग ते. मग माझे तीन सूर. आणि तिसऱ्या सुराच्या शेपटीवर पाय देऊन भाऊंचा सूर.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. मग सरांना फोन लावला. सर म्हणाले, “हो मॅम, मध्ये मोठा गॅप होता. मी स्वतः रात्री न जेवता बसून साफ केलं. जोड कळतसुद्धा नाही बघा.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी विचारलं, मूळचं आहे का. ते म्हणाले, जागा कमी पडते, मूळ फाइल आम्ही ठेवत नाही, साफ केलेलीच ठेवतो. मी काही बोलले नाही. ते म्हणाले, “मॅम? हॅलो? आवाज येतोय का?” मी म्हटलं, येतोय.

चांगुलपणानं केलेलं काम होतं. माझ्या झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून त्या माणसानं रात्रीचं जेवण बाजूला ठेवून माझी एकमेव खरी गोष्ट कापून काढली, कडा घासल्या, आणि मला भेट दिली. वाईट माणसाशी भांडता येतं. याच्याशी काय भांडणार.

भाऊंना ऐकवलं तेव्हा त्यांनी ते त्या जोडापाशी मागे नेऊन पुन्हा लावलं. मग म्हणाले, “तरीबी नेऊ या. निदान जाहिरात नव्हती एवढं तरी त्यांना कळंल.” मी म्हटलं, “आणि मी बोलत असताना तुम्ही मध्येच तोंड घातलंत हेही कळेल.” ते म्हणाले, “कळू द्या की. शिव्या घालतील. घालू द्या.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला तेच हवं होतं. मास्तरांनी ऐकावं, त्या ठिकाणी दचकावं आणि आम्हाला झापावं. “जास्त” म्हणावं. म्हणजे मी सांगू शकेन की इथंच, मास्तर, इथंच आम्ही थांबलो होतो, आणि हे कुणीतरी कापलंय. त्यांना तो जोड कळला असता. जगात दुसऱ्या कुणाला कळला नसता, त्यांना कळला असता.

बुधवारी दुपारी भाऊंची शिफ्ट संपल्यावर आम्ही दोघं गेलो. मास्तर उशीला टेकून बसले होते, दाढी केलेली, पांढरा शर्ट. सून म्हणाली, आज चांगले आहेत, जेवलेपण. त्यांनी भाऊंना ओळखलं, मला ओळखलं की नाही ते सांगता येणार नाही, पण हसले. मी मोबाइल त्यांच्या छातीवर ठेवला आणि लावला.

ते डोळे मिटून ऐकत होते. डाव्या हाताची बोटं पांघरुणावर हळूहळू हलत होती. ते ठिकाण जवळ आलं तसं मी त्यांच्या कपाळाकडे बघायला लागले. माझे तीन सूर आले. लगेच भाऊंचा सूर आला.

बोटं हलतच राहिली. कपाळावर काही उमटलं नाही. ते शेवटपर्यंत तसेच ऐकत राहिले, आणि संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, “छान.”

भाऊ रडायला लागले. एवढा मोठा माणूस, खाटेच्या पायाशी बसून निळ्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. मास्तरांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. सूनही रडली. मी एकटीच कोरडी उभी होते. ज्या शब्दासाठी मी फ्रॉक घालायच्या वयापासून थांबले होते तो आला होता, आणि जे मी केलंच नव्हतं त्यासाठी आला होता. मास्तर पुन्हा म्हणाले, “छान. छान.” अगदी माझ्याकडे बघून. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा मोकळा होता. मी मान डोलावली. त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हटलं, “तुम्हीच शिकवलंत.”

जिन्यात भाऊ म्हणाले, “ताई, छान म्हणाले. ऐकलं ना?” मी म्हटलं, “त्यांना ते जोडलेलं कळलं नाही, भाऊ.” भाऊ एक पायरी खाली थांबले. “मला कळलं ते,” ते म्हणाले. “पण म्हणाले तर खरं. मला पुरे हाय.” मला त्यांचा संताप आला. मग वाटलं, त्यांना पुरत असेल तर मी कोण. पण मला पुरत नाही. ज्या माणसाला कळलं असतं तो आमच्या आधीच निघून गेला होता, आणि जाताना खाटेवर एक प्रेमळ म्हातारा ठेवून गेला होता. त्या म्हाताऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्या दिवशी मी बरोबर ठिकाणी थांबले होते का, नेमकी तेवढीच थांबले होते का, की थोडी जास्त, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. भाऊंना विचारून उपयोग नाही, ते माझ्याबरोबरच थांबले होते. आणि माझ्या स्वतःच्या कानावर माझा आता विश्वास नाही, कारण साफ केलेलं इतक्या वेळा ऐकलंय की मलाही हल्ली ते तसंच आठवतं.

पुढच्या शनिवारी कार्यक्रम नेहमीप्रमाणे झाला. यंत्राची वेळ वाढवून देऊ का, असं सरांनी आपणहून विचारलं. मी म्हटलं, राहू दे. गप्पा झाल्या, एका वाढदिवसाचा फोन आला, आणि मग आम्ही वाजवलं. मी हात एकदाही उचलले नाहीत. भाऊंनी दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं आणि मग तेही नेहमीसारखे भरून काढत गेले. कार्यक्रम संपल्यावर सर बाहेर येऊन म्हणाले, “मॅम, आज फ्लो मस्त होता.” मी थँक्यू म्हटलं आणि वाकडच्या शिकवणीला गेले.